आबांच्या खिशातला नकाशा

आबांच्या शर्टाच्या खिशातून मी एक कागद काढला, स्वयंपाकघराच्या ओट्यावर पसरून त्याचा फोटो घेतला आणि तो फोटो माझ्या ऑफिसच्या सिक्युरिटीला पाठवून दिला. कागद परत जागच्या जागी ठेवायचा, तर तेही केलं नाही. शर्ट मशीनमध्ये टाकला आणि कागद माझ्या बॅगेत सरकवला. आबा म्हणजे माझे वडील. त्या वेळी ते वरच्या मजल्यावर दाढी करत होते. आमच्या घराला चौदा पायऱ्या आहेत. त्या चढून, हा कसला कागद आहे, असं विचारलं असतं तर त्यांनी गालाला फेस लागलेला असतानाच सगळं सांगितलं असतं. मी विचारलं नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे मला स्वतःची बाजू घ्यायचा मोह होणार आहे. तो जिथे होईल तिथे वाचणाऱ्याने त्या चौदा पायऱ्या आठवाव्यात.

आम्ही अमेरिकेत अ‍ॅशबर्नला राहतो. आमच्या वस्तीच्या मागे खिडक्या नसलेल्या लांबच लांब इमारती आहेत. आत संगणकांच्या रांगा, आणि त्यांना गार ठेवायला छपरावर अखंड घुमणारे पंखे. नवीन माणसाला तो आवाज आठवडाभर झोपू देत नाही, नंतर तो ऐकूच येत नाही. त्यातल्याच एका आवारात मी काम करतो. वीज आणि कूलिंग माझ्याकडे आहे. त्या आवारात एक इमारत कुंपणाच्या आत पुन्हा कुंपण घालून वेगळी ठेवलेली आहे. तिथे सरकारी काम चालतं. आम्ही सगळे तिला नुसतं 'मागची इमारत' म्हणतो. दोन वर्षांपूर्वी मी इथला नागरिक झालो आणि मागच्या इमारतीत मोठ्या जागेसाठी माझं नाव पुढे गेलं. त्यासाठी माझी पार्श्वभूमी तपासली जाणार होती. कुठे राहिलात, कोणाला ओळखता, परदेशी नागरिकांशी जवळचा आणि चालू संपर्क आहे का, असा लांबलचक फॉर्म होता. आबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले ते नेमके त्याच वसंतात.

आबा सातारा जिल्ह्यातले. अठ्ठावीस वर्षं सैन्यात काढून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. माझं लहानपण त्यांच्या बदल्यांच्या पत्त्यांत गेलं. त्यातली दोन वर्षं ते उत्तरेच्या सीमेवर होते, समोर चीन. त्या दोन हिवाळ्यांत आई रेडिओच्या बातम्या उभ्यानं ऐकायची, बसायची नाही. चीन हा शब्द माझ्या कानात त्या वेळी जसा पडला, तसाच तो राहिला. आबा मात्र सुट्टीवर आले की तिकडच्या बर्फाबद्दल सांगायचे, याकबद्दल सांगायचे, समोरच्या चौकीतला एक जण रोज सकाळी व्यायाम करताना दिसायचा त्याची नक्कल करून दाखवायचे. पहारा त्यांनी दिला आणि संशय मी घरात बसून जमवला.

नोकरीच्या शेवटी शेवटी त्यांची पलटण अनेक देशांच्या शांतिसेनेतून काँगोला गेली होती. तिथून त्यांनी दोन गोष्टी आणल्या. एक निळी टोपी, आणि तिकडच्या स्वाहिली भाषेतले पाच-सहा शब्द. 'जाम्बो' म्हणजे नमस्कार, 'आसांते' म्हणजे धन्यवाद, 'पोले पोले' म्हणजे सावकाश. जीपखाली कोणाची कोंबडी आली की 'समाहानी' म्हणायचं, म्हणजे चुकलं, माफ करा. धुऊन धुऊन पांढुरकी झालेली ती टोपी त्यांनी अमेरिकेलाही आणली आणि रोज सकाळी फिरायला जाताना घालू लागले.

आमच्या इथे जुन्या रेल्वेमार्गाची पायवाट केलेली आहे. सकाळी नऊनंतर, नोकरीवाले गेले की, ती आजी-आजोबांची होते. साडीवर स्वेटर आणि पायात नातवाचे जुने स्पोर्ट्स शूज घातलेल्या आपल्या बायका, हात मागे बांधून उलटं चालणारे चिनी म्हातारे. दोन्ही बाजूचे लोक एकमेकांकडे बघून मान हलवतात आणि पुढे जातात. आबा आल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात त्यातला एक चिनी म्हातारा त्यांच्यापुढे थांबला, त्यांच्या टोपीकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "जाम्बो."

आबा घरी आले ते धावतच. तो मनुष्य चिनी सैन्याच्या इंजिनिअर तुकडीत होता, त्याच मिशनमध्ये, त्याच भागात, जवळपास त्याच काळात. यांच्या टेकडीवरच्या चौकीपासून त्यांचा कॅम्प नदीपलीकडे दिसायचा. आता तो आमच्याच रांगेत, सहा घरं सोडून, मुलीकडे राहायला आला होता. आबा त्याला 'आमचा चिनी सुभेदार' म्हणू लागले. तो कुठल्या हुद्द्यावर होता कोण जाणे, आबांनी त्याला आपल्या बरोबरीला आणून ठेवलं.

त्या रात्री जेवताना मी विचारलं, त्याने स्वतःहून ओळख काढली का. आबा म्हणाले, टोपी बघून काढली. मी विचारलं, त्याची मुलगी काय करते, जावई काय करतो. आबांना माहीत नव्हतं. त्याने तुमच्याबद्दल काय विचारलं? माझ्याबद्दल काय विचारलं? बायकोने पोळी वाढता वाढता माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आबा, उद्या त्यांना सांगा, येताना दोन फोटो आणि पासपोर्ट घेऊन या. इथे इंटरव्ह्यू आहे."

आबा हसले. मीही हसलो. पण दर वर्षी ऑफिसात आम्हाला जे ट्रेनिंग देतात ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं. त्यात एक पान असं आहे की, तुमच्याशी ओळख थेट होत नाही. आधी घरातल्या एकाकी, वयस्कर माणसाशी होते. समान अनुभव सांगितला जातो. मग हळूच तुमच्या कामाविषयी विचारलं जातं. ते पान दर वर्षी मी न वाचता पुढे ढकलत असे. त्या वर्षी दोनदा वाचलं.

दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. म्हाताऱ्याच्या फोनवर भाषांतराचं ॲप होतं. तो चिनीत बोलायचा, आणि फोनमधली बाई अतिशय शुद्ध हिंदीत विचारायची, "क्या आपने भोजन कर लिया है?" आबा फोनलाच 'जी मॅडम' म्हणून उत्तर द्यायचे. थर्मासमधून आबा चहा न्यायचे, तो सोललेली संत्री आणायचा. मी एक-दोनदा कामावर जाताना गाडी हळू करून पायवाटेच्या बाकावरचे ते दोघे पाहिले. आबांना इतकं बोलताना मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. याचा मला आनंद व्हायला हवा होता. मी गाडीत बसून हे शोधत होतो की फोन कोणाच्या हातात आहे आणि तो सगळं साठवून ठेवत असेल का.

मग मी वाचायला लागलो. चीन शांतिसेनेत इतके सैनिक का पाठवतो, कुठे पाठवतो. एका बाजूला हा देश सगळ्या जगाला सांगतो की दुसऱ्याच्या घरात डोकावू नका, प्रत्येक देश आपल्या घराचा मालक आहे. दुसऱ्या बाजूला निळी हेल्मेटं घालून आफ्रिकेत रस्ते बांधतो. हे दोन्ही एकत्र कसं बसतं? कोणी लिहिलं होतं की तिथल्या खाणींसाठी. कोणी लिहिलं होतं, मोठा देश म्हणून मान हवा आहे. कोणी, सैन्याला अनुभव हवा आहे. मला जे हवं होतं ते मला प्रत्येक लेखात सापडत गेलं.

एका शनिवारी मी आबांबरोबर बाकावर गेलो. आबांना वाटलं, मुलाला मित्र भेटवतोय. मी पाहणी करायला गेलो होतो. म्हाताऱ्याची मुलगीही आली होती. चाळिशीची, शांत, औषधांच्या कुठल्या कंपनीत काम करणारी. त्या दिवशी ॲप बंद राहिलं. म्हातारा चिनीत बोलायचा, मुलगी इंग्रजीत सांगायची, मी मराठीत. आबांचं उत्तर त्याच वाटेनं परत.

मी थोड्या वेळानं मुद्दाम विचारलं की तुमचा देश कोणाच्या घरात लक्ष घालत नाही म्हणतो, मग तुम्ही काँगोत काय करत होता? मुलीने माझ्याकडे एकदा नीट बघून घेतलं आणि मग भाषांतर केलं. म्हातारा रागावला नाही. तो म्हणाला, आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, मालकाने बोलावलं तरच घरात जायचं. आणि आत गेल्यावरही कुठल्या खोलीत जायचं हे मालक सांगणार. त्यांच्या देशात एके काळी परकी सैन्यं न विचारता आली होती, बंदरं घेऊन बसली होती, म्हणून हे त्यांच्यात खोल आहे. ऐकताना मला ते पाठ केल्यासारखं वाटलं.

मी म्हणालो, तुमचे रस्ते खाणींकडेच जायचे असं वाचलंय. तो म्हणाला, खाणीकडे जायचे आणि बाजाराकडेही जायचे, ट्रकवाल्याला दोन्हीकडे जायचं असतं. हेही उत्तर मला फार गुळगुळीत वाटलं.

आबांना माझा सूर आवडला नाही. ते म्हणाले, "आरं, आपलं सरकार काय पुण्य मिळवायला गेलं व्हतं? मोठ्यांच्या पंगतीत आपलाबी पाट पाहिजे म्हणून गेलं. आणि मी भत्त्यासाठी गेलो. याला एकट्याला काय विचारतोस?" मी हे इंग्रजीत थोडं मवाळ करून सांगितलं.

मग आबा स्वतःच गंभीर झाले. त्यांनी म्हाताऱ्याला विचारायला सांगितलं की मालकच घरच्यांना मारत असला तर? आणि त्यांनी नदीची गोष्ट काढली. ती मी पूर्वी कधी ऐकली नव्हती. आबांची चौकी अलीकडच्या टेकडीवर होती आणि पाणी आणायला गाडी नदीतल्या उथळ वाटेनं पलीकडे जायची. तिथे पूल बांधायचं चिनी तुकडीचं ठरलं होतं. पुलाचे लोखंडी भाग नदीकाठी येऊन ताडपत्रीखाली पडले होते. पण प्रांताच्या गव्हर्नरचं परवानगीचं पत्र यायचं होतं. त्या गव्हर्नरची माणसंच बाजारात लूटमार करत होती, आणि पूल झाला तर शांतिसेनेच्या गाड्या लवकर पोचतील म्हणून तो पत्र देत नव्हता. तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत एकदा वरच्या अंगाला पाऊस झाला, नदी अचानक फुगली आणि पाण्याची गाडी घेऊन निघालेला आबांचा एक जवान वाहून गेला. आमच्याच तालुक्यातला होता. "याला विचार," आबा म्हणाले, "तुमच्याकडं सगळं सामान व्हतं. पत्राबिगर बांधला असता तर काय झालं असतं?"

मी विचारलं. मुलीने वडिलांना सांगताना आवाज खाली आणला. म्हाताऱ्याने बुटाने पायाखालची खडी सारखी केली. मग जे बोलला ते मी आबांना सांगितलं. तो म्हणाला की त्यानेही आपल्या अधिकाऱ्याला हेच विचारलं होतं. अधिकारी म्हणाला होता, एकदा पत्राशिवाय पूल बांधलास की उद्या कोणीही पत्राशिवाय रणगाडा आणेल. त्याला ते तेव्हाही खरं वाटलं होतं, आजही वाटतं. पण तो आवाज, गाडी गेल्याचा, त्यांच्या कॅम्पपर्यंत आला होता.

आबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

हे सगळं माझ्या तोंडून गेलं. मीच दुभाषा होतो. पण मी ते ऐकलं नाही, कारण मी वेगळ्याच गोष्टीची वाट बघत होतो, आणि ती निघायच्या वेळी आलीच. म्हाताऱ्याने झाडांवरून दिसणाऱ्या आमच्या आवाराकडे बोट केलं आणि मुलीमार्फत मला विचारलं, तुम्ही तिथेच काम करता असं आबा म्हणाले, तर एवढ्या इमारतींना गार ठेवायला पाणी कुठून आणता? मी म्हणालो, मला नक्की माहीत नाही. हे खोटं होतं. पाणी कुठून येतं हे माझ्याइतकं त्या आवारात कोणालाच माहीत नाही.

पुढच्या बुधवारी कपडे धुवायला टाकताना तो कागद सापडला. चौकटीच्या वहीचं पान. पेन्सिलीने काढलेले सहा आयत, त्यांच्याभोवती दुहेरी रेघ, कोपऱ्यात एक गोल, एक नागमोडी रेघ, तिच्यावर आडवा छोटा पूल. जागोजाग आकडे आणि चिनी अक्षरं. पुलाखालीच एक फुली. आमच्या आवारात सहा इमारती आहेत, दुहेरी कुंपण आहे, कोपऱ्यात पाण्याची गोल टाकी आहे आणि बाजूने ओढा वाहतो, त्यावर पायवाटेचा लाकडी पूल आहे. मला वाटलं, हे आमचंच आवार आहे. मी इथे लिहू शकतो की कोणालाही तसंच वाटलं असतं. कदाचित वाटलंही असतं. पण दुसऱ्या कोणी कागद उलटून पाहिला असता. मी तेही केलं नाही.

सिक्युरिटीला कळवायच्या फॉर्ममध्ये मी लिहिलं की, एक निवृत्त चिनी लष्करी इंजिनिअर माझ्या वडिलांशी रोज संपर्क ठेवतो, माझ्या कामाविषयी व आवाराच्या पाणीपुरवठ्याविषयी विचारणा करतो, आणि सोबतचा नकाशा वडिलांजवळ सापडला. घराचा नंबरही लिहिला. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. आणि आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे, ती मी बायकोलाही फार उशिरा सांगितली. मला देशाची काळजी होती त्याहून जास्त माझ्या तपासणीच्या फॉर्मची होती. आबांची मैत्री कधी तरी माझ्या तपासणीत वर येणार, तेव्हा ती मी स्वतः आधी कळवलेली असावी, हा हिशेब होता. स्वच्छ दिसायचं होतं मला.

दोन दिवसांत आभाराचा ईमेल आला. महिन्याच्या मीटिंगमध्ये साहेबांनी नाव न घेता सांगितलं की आपल्यातल्या एकाने जागरूकपणा दाखवला. दोघा-तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॉफीच्या कपाकडे पाहत राहिलो.

दहा-बारा दिवसांनी सकाळी कामाला निघताना सहा घरं सोडून एक करड्या रंगाची गाडी उभी दिसली. कोट घातलेली दोन माणसं दारात होती, म्हाताऱ्याची मुलगी दार अर्धवट उघडं धरून उभी होती. मी आरशात न बघता गाडी बाहेर काढली.

त्या दिवसापासून म्हातारा बाकावर आला नाही. पहिला दिवस आबांना वाटलं, सर्दी असेल. तिसऱ्या दिवशी ते त्याच्या दारापर्यंत गेले, कोणी दार उघडलं नाही, पण वरचा पडदा हलला. पाचव्या दिवशी तो कचऱ्याचा डबा आत घेताना दिसला. आबांनी लांबून हात वर केला, "जाम्बो" म्हणाले. तो पाठ फिरवून आत गेला. आबा तरीही रोज थर्मास भरून नेत आणि दोन कप चहा तसाच परत आणत. सिंकमध्ये तो ओतताना मी त्यांना बघत होतो. एकदा बायको म्हणाली, काही तरी गैरसमज झाला असेल. मी म्हणालो, त्या लोकांचं काही सांगता येत नाही. तिने माझ्याकडे फार वेळ पाहिलं.

मग आबा कागद शोधू लागले. कपाटात, गादीखाली, वॉशिंग मशीनच्या मागे टॉर्च मारून. मी विचारलं, काय शोधताय? माझा आवाज मला ऐकू येत होता, तो किती साधा निघतोय याचंच मला आश्चर्य वाटत होतं.

आबा पलंगावर बसले आणि म्हणाले, त्या शनिवारनंतर चिनी सुभेदाराने त्यांना एक नकाशा काढून दिला होता. नदी, त्यांच्या कॅम्पचे सहा तंबू, तारेचं कुंपण, पाण्याची टाकी, आणि पूल. गव्हर्नरचं पत्र शेवटी आलं होतं. आबांची पलटण परत गेल्यावर तो पूल झाला आणि आबांनी तो कधीच पाहिला नाही. म्हाताऱ्याने पुलाची लांबी-रुंदी आठवून लिहिली होती. जवान गेला त्या जागी फुली होती, आणि पूल बरोबर त्या फुलीच्या वर बांधला होता. जागा त्यानेच आग्रहाने निवडली होती. "त्या जवानाची बायको हाय अजून," आबा म्हणाले. "मला भेटली की विचारती, नक्की कुठं गेले वो ते? मला कधी सांगता आलं न्हाई. कागद तिला दाखवणार व्हतो."

मी खाली गेलो, बॅगेतून कागद काढला आणि तेव्हा पहिल्यांदा उलटून पाहिला. मागे आबांच्या अक्षरात, मराठीत, त्या जवानाचं नाव आणि गाव लिहिलं होतं. फोटो मी फक्त पुढच्या बाजूचा पाठवला होता.

चौदा पायऱ्या चढून गेलो. कागद आबांच्या हातात दिला आणि उभ्यानं सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागदावरची घडी अंगठ्यानं सरळ केली.

"त्या फॉर्मात माझं नाव कुठं लिहिलंस?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, परदेशी नागरिक, नातेवाईक.

"म्हंजे मी आन् तो एकाच रांगेत हाय तुझ्या."

त्यांनी कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला.

"त्या माणसांनी त्याला हा फोटो दाखवला असंल," आबा म्हणाले. "कागद त्यानं माझ्या हातात दिला व्हता. त्याला वाटत असंल, मीच दिला." मग ते म्हणाले, "माझं जाऊ दे. पण जाऊन त्याला सांग. दारात उभा राहा. ये म्हणला तर आत जा, न्हाई तर न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी आधी ऑफिसला लिहून कळवलं की तो नकाशा आमच्या आवाराचा नाही, आणि कागदाच्या दोन्ही बाजूंचे फोटो जोडले. उत्तर आलं की दिलेली सूचना मागे घेता येत नाही, अतिरिक्त माहिती नोंदवून घेतली आहे. मागच्या इमारतीसाठी दिलेलं माझं नाव मी काढून घेतलं. याने कोणाचं काही भलं झालं नाही, हे मला माहीत आहे.

मग सहा घरं चालत गेलो. दार मुलीने उघडलं, साखळी न काढता. मी म्हणालो, तुमच्या वडिलांना काही सांगायचं आहे. ती म्हणाली, वडील गुरुवारी परत चालले आहेत, तिकीट बदलून घेतलं आहे. त्यांना इथे आता बाहेर पडावंसं वाटत नाही. नवऱ्याच्या ग्रीन कार्डची फाइल कुठे तरी अडकली आहे, कशामुळे ते कोणी सांगत नाही. मी म्हणालो, ती माणसं ज्या तक्रारीवरून आली, ती मी केली होती. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला समजला असता. तिथे आला तो संशय, जो मी रोज आरशात पाहत होतो.

"हे सांगायला तुम्हाला कोणी पाठवलं?" तिने विचारलं.

मी म्हणालो, माझ्या वडिलांनी.

"आणि त्या लोकांनी नाही? हे खरं कशावरून?"

खरं कशावरून, हे तिला पटवून देईल असा एकही कागद माझ्याजवळ नव्हता. आबांनी तो नकाशा द्यायला नकार दिला होता. तो आता त्या जवानाच्या बायकोला द्यायचा आहे, म्हणाले होते, आणखी कोणाच्या हातात जाणार नाही. मी म्हणालो, तुम्ही विश्वास ठेवू नका, फक्त भाषांतर करा.

आतून म्हातारा आला. घरातल्या सपाता, गळ्याची गुंडी लावलेला शर्ट. माझ्यामागे रस्त्याकडे त्याने पाहिलं, करडी गाडी आहे का ते बघण्यासाठी असावं. आत या असं कोणी म्हणालं नाही. साखळी तशीच होती. मीही पायरीवरून पाय वर घेतला नाही. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणीसुद्धा माझ्या मनाचा एक कोपरा त्याच्या हातातल्या फोनकडे बघत होता. तो कोपरा जाईल असं मला वाटत नाही.

मी थांबून थांबून बोललो आणि ती सांगत गेली.

"तो कागद माझ्या वडिलांनी कोणाला दिला नाही. मी त्यांच्या खिशातून त्यांना न विचारता काढला. तो काय आहे हे मला माहीत नव्हतं आणि मी माहीत करून घेतलं नाही. तुम्ही पाण्याविषयी विचारलंत, ते मी लिहून दिलं. तुम्ही नदीविषयी सांगितलंत, ते मी लिहिलं नाही. तुमच्या दारात ती माणसं माझ्यामुळे आली. माझे वडील रोज दोघांचा चहा घेऊन बाकावर जातात, त्यांना यातलं काहीही ठाऊक नव्हतं. त्यांच्यावर राग धरू नका. चूक माझी आहे, सगळी."

मुलीचं बोलून संपलं. मग मी त्याच्याकडे बघून, मुलीची वाट न बघता, सकाळी आबांकडून चार वेळा घोकून घेतलेला काँगोतला शब्द म्हणालो.

"समाहानी."